गुलाबभाऊंची बारीक किल्ली

गुलाबभाऊ अंगाचा साबण उभा चिरून वापरतात. दुकानातून वडी आणली की ती पाटावर ठेवायची, दोऱ्याने मधोमध कापायची आणि एकच फाक साबणदाणीत घालायची. अख्खी वडी हातात धरायला त्यांना आवडत नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "जागा खाते."

हे "जागा खाते" आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. गुलाबभाऊंची मालाची पिकअप आहे. नागपूरच्या गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे भरायचे आणि मनीषनगरपासून उमरेडपर्यंतच्या दुकानांत पोचवायचे, हा त्यांचा धंदा. गाडीत अजून एक गठ्ठा कसा बसेल या विचारात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना थोडी जाडच दिसते. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी अर्धी कापून टाकली आहे. चपलांच्या टाचा घासून सपाट केल्या आहेत. लग्नाची पत्रिका आली की तिच्या कडा, देवाचं चित्र, प्रेषकांची नावं असं सगळं कात्रीने छाटून जेवढं कामाचं तेवढं खिशात ठेवतात. एकदा छाटता छाटता मंगल कार्यालयाचं नावच गेलं. भाऊ ठरल्या वेळी निघाले, दिसला त्या पहिल्या मांडवात शिरले, जेवले, नवरदेवाच्या हातात आहेर ठेवला आणि घरी येऊन म्हणाले, जेवण झकास होतं, पण आपल्या ओळखीचं कोणीच आलं नव्हतं.

सक्करदऱ्याला आमची आणि त्यांची भिंत एक आहे. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. आमचे हे गांधीबागेत कापडाच्या दुकानात आहेत, तिथेच गुलाबभाऊ गाडी भरतात. मला चार माणसांत बोलायला जमत नाही आणि गुलाबभाऊंना ऐकायला जमत नाही, त्यामुळे आमचं कधी वाकडं आलं नाही.

त्यांनी लग्न केलं नाही. समोरच्या कांताबाई म्हणतात, बरंच झालं, बायको अंगाने भरलेली मिळाली असती तर यानं तिलाही कानस लावली असती. एकट्या माणसाचं घर. एक खोली, एक स्वयंपाकघर. कपाटाची दारं उघडली की खोलीत जागा खातात म्हणून त्यांनी ती काढून भंगारात दिली. बाहेरच्या दाराला कुलूप नाही. कडीला सुतळीची गाठ मारतात आणि जातात. "चोर आला तर बिचाऱ्याले काईतरी ठेवूनच जावं लागन," असं स्वतःच सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात या घरी त्यांची थोरली बहीण आली. सुमनबाई. भाऊ त्यांना नुसतं "बाई" म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना कडेवर वाढवलं. तिचं सासर उमरेडच्या पलीकडे, मोठ्या खटल्याचं. मूलबाळ नाही, पण घराची थोरली सून. धान्याची कोठी, कपाटं, पेटी, साऱ्यांच्या किल्ल्या चांदीच्या छल्ल्यात, आणि छल्ला सुमनबाईंच्या कमरेला. नवरा गेला. तेरवी झाल्यावर धाकटी जाऊ गोड आवाजात म्हणाली, बाई, आता तुम्ही आराम करा. आणि हात पुढे केला. सुमनबाईंनी छल्ला काढून दिला.

हे त्यांनी मला माझ्या मशीनजवळ बसून, सुईत दोरा ओवून देता देता सांगितलं. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. वर म्हणाल्या, "किल्ल्या म्हंजे काय वं पोरी, लोखंडच ना." पण त्या उठल्या की त्यांचा डावा हात आपोआप कमरेला जायचा. तिथे काही सापडायचं नाही. मग तोच हात निऱ्या नीट करायचा, जणू त्यासाठीच गेला होता.

त्या आल्या त्या एक पिशवी घेऊन. पिशवी खाटेखाली असायची, चेन लावलेली. सकाळी तिच्यातून एक लुगडं काढायचं, नेसलेलं धुवायचं, वाळलं की घडी करून परत पिशवीत, आणि पुन्हा चेन बंद. कपाटाला दार नव्हतं, म्हणजे फळ्या तर समोर मोकळ्याच होत्या. पण एक रुमालसुद्धा त्यांनी तिथे ठेवला नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, भावाच्या घरी बहीण चार दिसांची, आता जाईन. जाणार कुठे, तर त्याच सासरच्या घरी. मागची एक खोली त्यांना दिली होती म्हणे.

गुलाबभाऊंना त्यांनी राहावं असं वाटत होतं. हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. पण "राह्य" एवढा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. भिंत एक असल्यामुळे मला ऐकू यायचं. सुमनबाई म्हणायच्या, "येत्या सोमवारी जाईन म्हणते." मग बादलीचा आवाज. भाऊ बाहेर येऊन गाडी पुसायला लागत. त्या दिवसांत सक्करदऱ्यात इतकी चकचकीत पिकअप दुसरी नसेल.

आणि अशातच त्यांना गाडीची किल्ली जाड दिसायला लागली.

एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "वहिनी, तुमीच सांगा, हे किल्ली हाय का खलबत्ता?"

किल्ली तशी ढब्बूच होती. काळं प्लास्टिक, पुढे इंजिन सुरू करायची लोखंडाची काडी, वर दोन बटणं, एक दाबलं की गाडी उघडते, एक दाबलं की बंद. दोन्ही वेळा गाडी "टुंई" करते आणि पुढचे दिवे मिचकावते. गाडी भाऊंनी जुन्यात घेतली तेव्हा तिच्याबरोबर ही एकच किल्ली आली होती. इतकी वर्षं ती त्यांच्या खिशात होती आणि तिच्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. साबण छाटला, ब्रश छाटला, पण किल्लीला हात लावला नव्हता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्यांनी सुरीने किल्ली उघडली. आत चिंचोक्यासारखं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं, पण आत एक हिरवी पातळ पट्टी, तिला चिकटलेलं बारीकसारीक काहीबाही आणि नाण्यासारखा सेल, एवढंच. गुलाबभाऊ खूश झाले. "पाहा. आंग काईच नाई, सगळा कोटच हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी किल्लीला नवा कोट शिवायला घेतला.

पहिला कोट सागवानाचा. सुताराकडून तुकडा आणून त्यांनी तो आठवडाभर कोरला. झाला तो करंजीच्या साच्यासारखा. आमचे हे म्हणाले, चांगलं आहे, दिवाळीला कामी येईल. नागपूरच्या उन्हात, गाडीच्या काचेमागे, दोन दुपारींत तो साचा फुटला.

दुसरा ॲल्युमिनियमचा. जुन्या डब्याचं झाकण कापून, ठोकून, दुमडून इतकी पातळ डबी केली की खरंच बघत राहावं. गांधीबागेत गाडी बंद करून भाऊंनी ती किल्लीवर चढवली आणि मग गाडी उघडेना. पत्र्याच्या आतून किल्लीचा निरोप बाहेर जात नाही, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. ते गाडीसमोर उभे राहून बटण दाबत होते, मागे हातगाड्यांची रांग लागली होती. एक हमाल म्हणाला, भाऊ, घरच्या टीव्हीचं रिमोट आणलं का? शेवटी दातांनी डबी उघडावी लागली. हे सारं आमच्या ह्यांनी दुकानाच्या पायरीवरून पाहिलं आणि त्या रात्री जेवताना दोनदा सांगितलं.

प्रत्येक कोट झाला की भाऊ तो आणून आधी मला दाखवायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, जरा कमरेले खोसून पाहा ना."

मला भुई दुभंगावी असं वाटलं. त्यात नेमक्या कांताबाई माझ्याकडे साडी न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहून गा गुलाब, गाडी आता वहिनी चालवून राहिल्या का?"

भाऊ शांत होते. गठ्ठ्याचं माप घ्यावं तितक्या सरळ चेहऱ्याने ते विचारत होते. म्हणून मी पाठमोरी होऊन ती खोसून पाहिली. किल्ली सरळ घसरली आणि फरशीवर पडली. त्यांनी विचारलं, टोचते का? वाकलं तर कशी राहीन? बसलं तर? मग कांताबाईंकडे वळून म्हणाले, "तुमी बी पाहा ना. तुमच्या कमरेत तर जागा..." आणि वेळेवर थांबले. कांताबाई मात्र त्यानंतर बरेच दिवस थांबल्या नाहीत. पुरुषाच्या खिशातली किल्ली बायांच्या कमरेला कशाला, असं सगळे विचारत होते. भाऊ म्हणायचे, फॅशन हाय.

मग तांदळाची भानगड झाली.

भाऊ उंबऱ्यात किल्ली उघडून बसले होते. शेजारी सुमनबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. भाऊंनी किल्ली सुरीने उचकटली, परत मिटवली, काम झालं. दुसऱ्या सकाळी गाडीत बसले तर गाडी सुरू होईना. दिवे लागतात, भोंगा वाजतो, इंजिन मात्र हूं नाही की चूं नाही. मोठ्या रस्त्यावर किल्ल्या बनवणारा बसतो, त्याला आणला. त्याने किल्ली उघडली आणि म्हणाला, यात एक बारका काळा मणी असतो. त्या मण्यावरून गाडी किल्लीला ओळखते. मणी नाही तर ही नुसती लोखंडाची काडी. मणी कुठं आहे?

मग सगळी गल्ली मणी शोधायला लागली. कांताबाईंनी स्वतःचं अंगण झाडून कचरा सुपात घेऊन पाखडला. आमचे हे दुकानात जायचं सोडून नालीत काडी घालत बसले. भाऊ भिंतीला टेकून उभे होते, गठ्ठा हातातून सुटलेल्या माणसासारखे.

सुमनबाई हे सारं दारातून पाहत होत्या. मग त्या आत गेल्या आणि खिडकीत ठेवलेलं काहीतरी चिमटीत धरून आणलं. काल तांदळात एक खडा निघाला होता. काळा, गुळगुळीत. इतका गुळगुळीत खडा तांदळात जन्मात पाहिला नव्हता, म्हणून फेकवला नाही. तो मणी होता.

"तांदळात गाडी टाकते का गा कोणी?" त्या म्हणाल्या. "दातच पडला असता माह्या. इतका मोठा घोडा झाला, अजून अक्कल नाई तुले. लहानपणी नाकात चणा घातला होता, तसाच हायेस तू."

घरात आल्यापासून त्यांचा आवाज असा कधी निघाला नव्हता. बोलता बोलता त्यांना हसू आलं. ते इतकं आलं की पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर बसावं लागलं. किल्लीवाला हसला, कांताबाई हसल्या, नाकातल्या चण्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ऐकायचं होतं. आणि गुलाबभाऊ. धंद्याची सकाळ गेली होती, भर गल्लीत अक्कल निघत होती, आणि ते बक्षीस मिळाल्यासारखे उभे होते.

मला वाटलं, झालं, आता या राहतील. पण संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "लय दिस झाले, गुलाब. या सोमवारी जाते. यष्टीवर सोडून देजो." मग बादली.

शनिवारी भाऊ माझ्याकडे आले. गाड्यांच्या नंबरप्लेटा बनवणाऱ्याच्या दुकानात त्यांना पाहिजे ते सापडलं होतं. तिथलं जाड काचेसारखं दिसणारं प्लास्टिक, मोरपंखी रंगाचं. त्याच्या दोन पातळ पट्ट्या कापून, कडा घासून गोल करून, मध्ये लोखंडाची काडी, ती हिरवी पट्टी, सेल आणि मणी अगदी गच्च बसवले होते. शंकरपाळ्याएवढी जाड, बस. हातात घेतली तर गार आणि गुळगुळीत. आणि वरच्या टोकाला त्यांनी पितळेचा एक आकडा बसवला होता. बाहेरच्या बाजूला वळलेला, लुगड्याच्या कमरेत अडकवायला असतो तसा.

आकडा पाहिला आणि मला कळलं. मी सहसा विचारत नाही, पण विचारलं. "बाईंसाठी?"

भाऊंनी मान हलवली.

"तिच्या कमरेले काय देऊ, वहिनी?" ते म्हणाले. "अलमारीले दार नाई. घराले कुलूप नाई. माह्या घरात हे एकच किल्ली हाय."

मी म्हटलं, एखादं कुलूप विकत आणता आलं असतं.

"कुलूप लावाले आत काय हाय? खोटं कुलूप तिले लगेच समजन. हे गाडी खरी हाय." आणि किल्ली माझ्या हातातून घेऊन शर्टाला पुसली. "अन् तिले नको सांगजा. मीच सांगीन."

सोमवार उजाडला. पिशवी खाटेवर, चेन लावलेली. सुमनबाई धुवट लुगडं नेसून तयार. त्या निरोप घ्यायला आमच्या दारात आल्या, तेवढ्यात भाऊ मागून आले. मी माझ्या मशीनवर होते, उठून आत जावं की बसावं ते कळेना, म्हणून बसले. भाऊंनी किल्ली पुढे धरली.

"बाई, हे माह्या खिशात जागा खाते. तुह्यापाशी ठेव."

सुमनबाईंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "गाडीची किल्ली मी काय करू?"

"सकाळी मांगून घेईन. संध्याकाळी आणून देईन."

"अन् मी नसल्यावर कोणाले मांगशीन?"

गुलाबभाऊ गाडीकडे वळले. मग म्हणाले, "मंग गाडी उभी राहीन."

सुमनबाईंनी आकडा पाहिला, बोटाने त्याचा बाक तपासला आणि तो डाव्या कमरेत अडकवला. हात तिथेच राहिला. या वेळी हाताला काहीतरी सापडलं होतं. मग त्या घरी गेल्या, आणि खाटेवरची पिशवी उचलायला वाकल्या असतील, कारण बाहेर उभी असलेली पिकअप एकदम "टुंई" म्हणाली आणि तिने दिवे मिचकावले. त्या घाबरून दारात आल्या. भाऊ सांगत होते, बटण दबलं असन, पोटाखाली. त्या पुन्हा वाकून पाहायला लागल्या. टुंई. पुन्हा वाकल्या. टुंई. समोरून कांताबाई म्हणाल्या, "मायबाई, गुलाब, तुही बहीण वाकली की गाडी नमस्कार करते." तेव्हा सुमनबाई हसल्या, तांदळाच्या दिवशी हसल्या तशा. पोट हललं, आणि गाडीने परत डोळे मिचकावले.

त्या दिवशीची यष्टी त्यांच्याशिवाय गेली. म्हणाल्या, पुढच्या सोमवारी पाहू.

तेव्हापासून किती सोमवार गेले ते कोणी मोजलं नाही. आता रोज सकाळी भिंतीपलीकडून आवाज येतो, "बाई, किल्ली दे." पण ती लगेच मिळत नाही. आधी विचारणा होते. डबा घेतला का, पाणी घेतलं का, आज कुठंकुठं, परत कधी येशीन. पहिल्या दिवशी "परत कधी येशीन" ऐकून भाऊंनी सवयीने बादली उचलली होती. बहुतेक बऱ्याच वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं, आणि स्वतःलाही ठाऊक नसावं. मग म्हणाले, येईन, दिवा लागायच्या आधी. आता मात्र ते सगळा रस्ता सांगतात. आधी गांधीबाग, मग मनीषनगर, मग अमक्याच्या दुकानात गठ्ठे उतरवायला इतका वेळ लागतो, तो चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. साबणाची वडी चिरणारा हा माणूस एवढं लांबवून बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी गाडी गल्लीत उभी असते आणि किल्ली सुमनबाईंच्या कमरेला. त्या भाकरी करायला बसल्या, टुंई. कोणाला दटावलं, टुंई. गल्लीतली कुत्री आधी भुंकायची, आता मानही वर करत नाहीत. आमचे हे म्हणाले, गुलाबभाऊ, सोपं आहे, बटणाभोवती थोडी कड चढवा, मग दबणार नाही. भाऊंनी हे पूर्ण ऐकून घेतलं, जे ते कधी करत नाहीत.

"कड चढवली तर जाड होईन ना," ते म्हणाले.

बाहेर खुर्ची टाकून ते बसलेले असतात. गाडी टुंई करते तेव्हा ते गाडीकडे पाहत नाहीत. दाराकडे पाहतात.

काल सुमनबाई माझ्याकडे आल्या. हातात ती पिशवी, रिकामी, नीट झटकलेली. म्हणाल्या, "घे वं पोरी, तुह्या दोऱ्याची रिळं ठेव याच्यात. आमच्या घरात उगीच जागा खाऊन राहिली." मी घेतली. त्या परत निघाल्या, चपला सरळ करायला उंबऱ्यात वाकल्या, आणि गल्लीत गाडीने डोळे मिचकावले.